आश्वासन आणि हमी : नाटोचा करार वाचताना

युक्रेनचे युद्ध पेटल्यापासून आपल्या तरुणांमध्ये दोन गट पडलेले आम्ही पाहतो आहोत. एका गटाला रशिया अमेरिकेची मस्ती उतरवतो आहे याचा आनंद होतो. दुसऱ्या गटाला युरोप-अमेरिका म्हणजे लोकशाही आणि नाटो म्हणजे त्या लोकशाहीची ढाल वाटते. दोन्ही गटांत शिकलेली, बाबासाहेब वाचलेली मुले आहेत. पण नाटोचा करार नेमका काय म्हणतो, तो कुणाला लागू होतो आणि कुणाला होत नाही, हे तपासण्याच्या फंदात फारसे कुणी पडत नाही. दस्तऐवज हाती आला की त्यातला शब्द न् शब्द तपासायचा, ही बाबासाहेबांची शिस्त. ती आपण फक्त भारतीय संविधानापुरती का ठेवायची?

"युरोपच्या भांडणाशी आपला काय संबंध? आपल्या वस्तीत पाणी येत नाही, तिथे नाटो कुठे काढता?" असे काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात. त्यांना आमचे उत्तर असे की, हा प्रश्न बाबासाहेबांना पडला नव्हता. ऑक्टोबर १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे सांगितली, त्यांत हिंदू कोड बिल होते, दलितांकडे झालेले दुर्लक्ष होते, आणि परराष्ट्र धोरणही होते. देशाच्या साधारण ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी रुपये लष्करावर खर्च होतात, कारण अडचणीच्या वेळी धावून येईल असा मित्रच आपल्याला उरलेला नाही, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे मित्रराष्ट्रांचा प्रश्न आणि गरिबाच्या पोटाचा प्रश्न एकाच ताळेबंदात आहेत, हे त्यांनी सत्तर वर्षांपूर्वी मांडले होते. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत बोलताना त्यांनी 'सीटो' या आग्नेय आशियाच्या नियोजित लष्करी कराराकडे फक्त आक्रमक टोळी म्हणून पाहायला नकार दिला आणि देशांचे तुकडे पाडून विकत घेतलेल्या शांततेवर आक्षेप घेतला. बाबासाहेब आज असते तर नाटोच्या बाजूने असते की विरोधात, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि कुणालाच नाही. पण त्यांनी हा विषय आपला मानला होता, एवढे मात्र नोंदीत आहे.

आता करार पाहू. ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी त्यावर सह्या केल्या. अमेरिका आणि कॅनडा अटलांटिकच्या एका काठावरचे, ब्रिटन, फ्रान्स, इटली, नॉर्वे, पोर्तुगाल वगैरे दहा दुसऱ्या बाजूचे. दुसऱ्या महायुद्धाने युरोप मोडून पडला होता, पूर्व युरोपात सोव्हिएत सैन्य ठाण मांडून होते. फेब्रुवारी १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली, त्याच वर्षी बर्लिनची नाकेबंदी झाली. ही भीती खोटी नव्हती. नाटोचे पहिले महासचिव लॉर्ड इस्मे. हेच इस्मे १९४७ मध्ये दिल्लीत माउंटबॅटन यांचे मुख्य सहायक म्हणून फाळणीच्या कारभारात होते. रशियनांना बाहेर, अमेरिकनांना आत आणि जर्मनांना खाली ठेवणे हे नाटोचे काम, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या नावावर सांगितले जाते. वाक्य कुणाचेही असो, त्यात नाटोची सुरुवातीची रचना येते.

या कराराचा प्राण म्हणजे कलम ५. एका सदस्यावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल, असे ते सांगते. इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण पुढचे वाक्य वाचा. हल्ला झाल्यावर प्रत्येक देश त्याला 'आवश्यक वाटेल' ती कारवाई करील, ज्यात सैन्यबळाचा वापरही येऊ शकतो. म्हणजे सैन्य पाठवलेच पाहिजे असे बंधन नाही. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार अमेरिकेत काँग्रेसचा असल्यामुळे तिथल्या सिनेटला आपोआप युद्धात ओढले जाणे मान्य नव्हते, म्हणून ही पळवाट ठेवली गेली. जगातली सर्वांत बलाढ्य मानली जाणारी हमीसुद्धा शेवटी देणाऱ्याच्या विवेकावर सोडलेली आहे.

आम्हाला इथे जानेवारी १९४३ चे बाबासाहेबांचे पुण्यातले भाषण आठवते. रानडे यांच्यावरच्या त्या भाषणात त्यांनी सांगितले होते की हक्कांचे रक्षण नुसता कायदा करत नाही, समाजाची नैतिक आणि सामाजिक सदसद्विवेकबुद्धी करते. म्हणून काही लोक म्हणतात, मग कागदाला काय अर्थ? मोठ्या राष्ट्रांची मर्जी हेच खरे. हे अर्धसत्य आहे. कागदाशिवाय काय होते, ते युक्रेनने दाखवले.

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा होता. त्यांचे नियंत्रण मॉस्कोकडे होते, हे खरे. तरीही ती अस्त्रे सोडण्याच्या बदल्यात ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचा शब्द दिला. या कागदाच्या इंग्रजी मसुद्यात 'आश्वासन' या अर्थाचा शब्द आहे, आणि युक्रेनी मसुद्यात 'हमी' या अर्थाचा. अमेरिकेने मुद्दाम सौम्य शब्द धरून ठेवला होता, कारण हमी म्हटले की नाटोसारखी जबाबदारी येते. युक्रेनी माणसाने आपल्या भाषेत हमी वाचली, देणाऱ्याने आपल्या भाषेत आश्वासन दिले. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पूर्ण देशावर हल्ला केला. आश्वासन देणाऱ्यांपैकीच एक हल्लेखोर निघाला. बाकीच्या दोघांनी शस्त्रे आणि पैसा पुरवला, पण लढायला सैन्य पाठवले नाही.

याच्या मध्ये आणखी एक टप्पा आहे. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या शिखर परिषदेत नाटोने जाहीर केले की युक्रेन आणि जॉर्जिया एक दिवस सदस्य होतील. तारीख दिली नाही, मार्ग दिला नाही. रशियाला चिडायला कारण मिळाले आणि त्या दोन देशांना संरक्षण मात्र मिळाले नाही. चारच महिन्यांनी जॉर्जियात युद्ध झाले. अर्धवट वचन हे वचन न देण्यापेक्षा धोकादायक असते.

याउलट एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया पाहा. हे तिन्ही देश सोव्हिएत संघात होते. तिघांची मिळून लोकसंख्या मुंबईच्या निम्मीही नाही. एस्टोनिया आणि लॅटव्हियात रशियन भाषक मोठ्या संख्येने आहेत, म्हणजे पुतिन यांना हवे ते निमित्त तिथेही आहे. २००४ मध्ये हे तिघे नाटोत आले, आणि २०१७ पासून तिथे ब्रिटन, कॅनडा आणि जर्मनी यांच्या नेतृत्वाखाली तुकड्या तैनात आहेत. या तुकड्या रशियाला हरवण्याइतक्या मोठ्या नाहीत. हल्ला झालाच तर पहिल्याच दिवशी अनेक देशांचे सैनिक मरतील, आणि मग कुणालाही 'आम्हाला आवश्यक वाटत नाही' असे म्हणता येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. कलम ५ मधली पळवाट त्यांनी माणसे उभी करून बुजवली. आजवर या तीन देशांवर सैन्य चालून आलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या तटस्थ राहिलेल्या फिनलंडने ४ एप्रिल २०२३ रोजी आणि स्वीडनने ७ मार्च २०२४ रोजी नाटोत प्रवेश केला, तो हाच फरक पाहून. आज नाटोचे ३२ सदस्य आहेत.

आश्वासन आणि हमी यांतला हा फरक आपल्याला नवा आहे का? गोलमेज परिषदेत बाबासाहेब जे मागत होते ते लेखी, कायद्याने बांधलेले संरक्षण होते. समोरून येत होते ते हृदयपरिवर्तनाचे आश्वासन. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले. राखीव जागा वाढल्या, पण निवडून कोण येणार हे ठरवायची किल्ली बहुसंख्याकांच्या हाती गेली. आम्ही गावपातळीवर काम करतो. अत्याचाराची घटना घडली की आमच्या कुटुंबांना पोलीस बंदोबस्त मिळतो. चार दिवस गाडी उभी असते. मग कुठेतरी मिरवणूक असते, निवडणूक असते, गाडी निघून जाते, आणि त्या रात्री घरात कुणालाही झोप लागत नाही. बंदोबस्त नको असे त्या घरातला एकही माणूस म्हणत नाही. पण गाडी कधी जाईल हे आपल्या हातात नाही, हेही प्रत्येकाला माहीत असते. बाल्टिक देशांचा नागरिक नाटोबद्दल काय विचार करत असेल, हे आम्हाला त्या घरांमुळे समजते.

आणि युरोपातल्या त्या रात्रीचे नाव स्रेब्रेनित्सा आहे. बोस्नियातले हे गाव १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केले. निळ्या टोप्या घातलेले डच सैनिक तिथे होते. जुलै १९९५ मध्ये सर्ब फौजा शिरल्या आणि सुमारे ८ हजार मुस्लिम पुरुष आणि मुलगे वेगळे काढून मारले गेले. सैनिक कमी होते, विमाने वेळेवर आली नाहीत, आदेश अडकून राहिले. ऑगस्टच्या अखेरीस नाटोने सर्ब ठाण्यांवर मोठी बॉम्बफेक केली आणि त्यानंतर काही महिन्यांत तह झाला. म्हणजे बळ होते. ते वापरायची इच्छा ८ हजार माणसे मेल्यावर आली. नाटोवर सरसकट टीका करणाऱ्यांनी आणि नाटोची आरती करणाऱ्यांनी, दोघांनीही हे गाव आधी समजून घ्यावे.

आता दुसरा प्रश्न. ही छत्री कुणासाठी? कराराच्या प्रस्तावनेत लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य हे शब्द आहेत. पण सह्या करणाऱ्यांत सालाझारचा हुकूमशाही पोर्तुगालही होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्या दिवशी काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसायला कायद्याने बंदी होती. सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा ट्रुमन यांचा आदेश जेमतेम नऊ महिन्यांपूर्वीचा होता आणि त्याची अंमलबजावणी पुढे कित्येक वर्षे चालली. युरोपच्या स्वातंत्र्याचे रक्षण करायला गेलेला काळा सैनिक घरी आला की बसमध्ये मागे बसत होता. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाबद्दल विचारले होते, ते या वास्तवाची जाण ठेवून.

कलम ६ तर आणखी उघडे आहे. कराराचे क्षेत्र सांगताना त्यात फ्रान्सच्या अल्जेरियातील विभागांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे अल्जेरियाची जमीन छत्रीखाली, आणि त्या जमिनीवर स्वातंत्र्य मागणारा अल्जेरियन मात्र छत्रीबाहेर. १९५४ ते १९६२ फ्रान्स त्याच्याशी लढत होता. १९६२ मध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला तेव्हा तो उल्लेख निरर्थक ठरला.

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना हा मुद्दा सांगायला अल्जेरियापर्यंत जावे लागत नाही. कराराचे क्षेत्र उत्तर अटलांटिकमध्ये कर्कवृत्ताच्या उत्तरेपुरते मर्यादित असल्याने गोवा त्यात येत नव्हता. पण पोर्तुगाल नाटोचा सदस्य असण्याचे वजन गोव्याच्या माणसाला पेलावे लागत होते. १९५५ च्या बांडुंग परिषदेत नेहरूंनी गोव्याचे उदाहरण देत नाटोला वसाहतवादाचा एक बलाढ्य रक्षक म्हटले होते. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर बाबासाहेबांची टीका होती हे वर आलेच आहे, पण या बाबतीत नेहरूंचे बोट नेमक्या जागी होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेले तेव्हा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान या चार नाटो देशांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव सुरक्षा परिषदेत आणला. तो सोव्हिएत नकाराधिकाराने पडला. त्या आठवड्यात गोमंतकीय माणसाच्या दृष्टीने लोकशाहीचा रक्षक कोण होता? म्हणून कोणत्याही गटाला कायमचे नायक किंवा खलनायक ठरवू नये. त्याच सोव्हिएत सत्तेने १९५६ मध्ये हंगेरीत आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घातले होते. वॉर्सा करार तर आपल्याच सदस्यांवर चालून गेला.

आजही छत्रीबाहेरच्यांची किंमत मोजूनच छत्रीखालच्यांचे सौदे होतात. कुर्दांचे पाहा. इसिसविरुद्ध जमिनीवर लढायला सीरियातले कुर्द अमेरिकेला चालले. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने सीमेवरून सैन्य मागे घेतले आणि नाटोचाच सदस्य तुर्कस्तान त्यांच्यावर चालून गेला. २०२२ मध्ये स्वीडन आणि फिनलंडने प्रवेश मागितला, तेव्हा तुर्कस्तानने संमतीच्या बदल्यात कुर्द संघटनांवर कारवाईची अट घातली आणि ती लेखी मान्य झाली. दोन लोकशाही देशांच्या सुरक्षिततेच्या हप्त्यात एका राष्ट्रहीन समाजाचा वाटा कापला गेला. ज्याची खुर्ची मेजाभोवती नसते, त्याचा विषय मेजावर असतो.

तिसरा प्रश्न अवलंबित्वाचा. नाटोचा युरोपातला सर्वोच्च सेनापती आयसेनहॉवरपासून आजवर अमेरिकनच राहिला आहे. उपग्रह, गुप्त माहिती, लांब पल्ल्याची वाहतूक, अण्वस्त्रांचे कवच, या सगळ्यांसाठी युरोप अमेरिकेवर विसंबून राहिला. शीतयुद्ध संपल्यावर बहुतेक युरोपीय देशांनी संरक्षण खर्च उतरवला. २०१४ मध्ये वेल्समध्ये जीडीपीच्या २ टक्क्यांचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा ते फक्त तीन देश गाठत होते. कलम ५ आजवर एकदाच वापरले गेले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, तेही अमेरिकेच्या रक्षणासाठी. डेन्मार्कसारख्या छोट्या देशाने अफगाणिस्तानात चाळीसहून अधिक सैनिक गमावले. त्याच डेन्मार्ककडे आज अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रीनलंड मागतात. पैसे न भरणाऱ्या सदस्यांचे रशियाने हवे ते करावे, असे ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारसभेत सांगितले. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनची लष्करी मदत आणि गुप्त माहिती काही दिवस थांबवली. पंचाहत्तर वर्षांचा करार एका निवडणुकीने डळमळतो, हे युरोपने पाहिले.

खरे तर उत्तर करारातच होते. कलम ३ सांगते की प्रत्येक सदस्याने स्वतःच्या बळावर आणि परस्परांच्या मदतीने प्रतिकाराची क्षमता उभी करावी. कलम ५ च्या आधी कलम ३ येते. आधी स्वतःचे बळ, मग दुसऱ्याची हमी. युरोपने पाचवे कलम पाठ केले आणि तिसरे विसरला. फिनलंड विसरला नव्हता. त्याने सक्तीची लष्करसेवा आणि मोठे राखीव दल कधीच सोडले नाही, म्हणून तो नाटोत याचक म्हणून आला नाही.

आता युरोप घाईने जागा होतो आहे. जून २०२५ मध्ये हेग इथे २०३५ पर्यंत जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचे उद्दिष्ट ठरले, त्यातले साडेतीन टक्के थेट संरक्षणावर. हा पैसा कुठून येणार? डेन्मार्कने संरक्षणासाठी कामगारांची एक सार्वजनिक सुट्टी रद्द केली. ब्रिटनने गरीब देशांना दिली जाणारी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून ०.३ टक्क्यावर आणायचे ठरवले, म्हणजे रणगाड्याची किंमत आफ्रिकेतल्या दवाखान्यातून वसूल होणार. १९५१ मध्ये बाबासाहेबांनी केलेला हिशेब हाच होता. शस्त्रे लागतात, हे मान्य करूनही ती कुणाच्या ताटातून येतात हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे, तो नागरिकाचा अधिकार आहे.

शेवटी एक आक्षेप उरतो. आपण बौद्ध. मग सैन्य, करार, शस्त्रे यांचे समर्थन कसे करायचे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरचा शाक्य-कोलीयांचा वाद येतो. शाक्य संघाने बहुमताने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्याला उभे राहून विरोध केला आणि परिणाम भोगले. पण त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी सिंह सेनापतीचा प्रश्नही घेतला आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत भेद केला आहे. बुद्धाने हिंसा नाकारली, पण न्यायाला शस्त्रहीन केले नाही. खारकीव्हच्या तळघरात लेकरू घेऊन बसलेल्या बाईला आपण 'शांती ठेवा' एवढेच सांगणार असू, तर तो धम्म नाही, ती आपली सोय आहे. आणि नाटोने १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता सर्बियावर ७८ दिवस बॉम्ब टाकले, त्यात साधी माणसे मेली, तेव्हा इच्छा आणि गरज यांची रेषा कुठे ओलांडली गेली, हेही आपणच विचारायचे आहे.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी कुणी 'नाटो जिंदाबाद' किंवा 'नाटो मुर्दाबाद' असा संदेश पाठवला की त्याला तीन गोष्टी विचारा. कागदावर आश्वासन आहे की हमी? त्या हमीच्या बाहेर कोण ठेवले गेले आहे? आणि हमी देणारा उठून गेला तर उरलेल्याच्या हातात स्वतःचे काय आहे? हेच तीन प्रश्न आपल्या चळवळीने मोठ्या पक्षांशी युती करताना विचारले असते, तर आपली आजची ताकद कदाचित वेगळी दिसली असती. दुसऱ्याची मदत घ्यावी, लेखी घ्यावी, आणि ती आपल्या संघटित बळावर तोलून धरावी. नुसत्या आश्वासनावर कोणताही समाज आणि कोणताही देश सुरक्षित राहिलेला नाही.

जय भीम.